रोग गेला त्या वर्षी

आमच्या अक्काला चालायची हौस होती. कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरहून थोडं आत, माळाच्या अंगाला आमचं गाव. बाजाराला जायला जीप मिळायची, पण अक्का म्हणायची, जीपमधी कोंबून घ्यायचं, पोहोचेपर्यंत कुणाचं तरी कोपर बरगडीत, त्यापरीस आपले पाय काय वाईट? मी तिच्यापेक्षा बरीच लहान. तिच्या मागं पळताना मला धाप लागायची, आणि ती वळून म्हणायची, "बारके, चल की. कामून थांबायलीस?" मी शेंडेफळ, म्हणून घरात सगळ्यांची बारकी.

ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला पहिल्यांदा हुडहुडी भरून ताप आला. जांघेत लिंबाएवढी गाठ आणि डाव्या पायावर मांडीपासून खाली एक लाल रेघ. आईनं पाय शेकला, हळद लावली. ताप उतरला, गाठ बसली, आम्ही विसरून गेलो. काही महिन्यांनी तोच ताप परत आला. मग येतच राहिला. दर वेळी ताप जायचा आणि पायावर थोडी सूज ठेवून जायचा. वर्षभरात घोटा दिसेनासा झाला. पैंजण निघेना, तेव्हा अप्पांनी ते पकडीनं तोडलं. तोडताना अक्का हसत होती. आई भिंतीकडं तोंड करून उभी होती.

अप्पा गवंडीकाम करायचे. कामावर खाडा करून ते तिला उदगीरला एका डॉक्टरकडं घेऊन गेले. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी पायावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ते म्हणाले, हा हत्तीरोग. डासामुळं होतो. रक्तात बारीक किडे राहतात. आता औषध देतो, किडे मरतील, पण आलेली सूज जाणार नाही. पाय जपा, वाढू देऊ नका.

"पर उतरंल की, सायेब?" अप्पांनी विचारलं.

डॉक्टरांनी तेच परत एकदा सांगितलं. बसमध्ये बसल्यावर अप्पांनी मला विचारलं, "उतरंल म्हणले न्हवं?" अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. "न्हाई म्हणले, अप्पा," ती म्हणाली. "किती बारी इचारशीला?"

तिला बघायला एकदा पाहुणे आले. ती पाय साडीखाली घेऊन बसली होती. मुलाची आत्या हुशार. सगळं बोलणं होत आल्यावर म्हणाली, "पोरी, तेवढं पाणी आण जरा." अक्का उठली. चूल ते ओसरी असं किती ते अंतर. ती पाणी घेऊन आली, तांब्या ठेवला आणि परत आत गेली. पाहुण्यांनी जेवायला नको म्हटलं, एस्टीची वेळ झाली म्हणाले. त्यानंतर कुणी आलं नाही. आईनं दोन-तीन ठिकाणी शब्द टाकून ठेवला होता, तोही हळूहळू बंद झाला.

अक्कानं शिलाई मशीन घेतली. उजव्या पायानं पायडल मारायची, डावा बाजूला घडवंचीवर ठेवायची. वस्तीतल्या बायांची पोलकी, पोरींचे शाळेचे झगे ती शिवायची. गावातून कुणी ब्लाऊज टाकायला आलं तरी उठायची नाही. बाजार बंद, लग्नं बंद, उदगीरच्या मावशीकडं जाणं बंद. माझं शिक्षण झालं, मला शाळेत नोकरी लागली, माझं लग्न होऊन मी भालकीला गेले. माझ्या लग्नातही ती विहाराच्या आतल्या खोलीत भांड्यांपाशी बसून होती. मधल्या काळात अप्पा गेले. घरात आई आणि अक्का दोघीच उरल्या.

त्या सुमाराला गावोगाव गोळ्यांचा डोस सुरू झाला होता. वर्षातून एकदा, गावातल्या प्रत्येकानं, आजारी असो नसो, सरकारी दवाखान्याच्या आशाताईसमोर गोळ्या गिळायच्या. गावातल्या सगळ्यांच्या रक्तातले किडे एकदम मेले की डासाला पुढं न्यायला काही उरत नाही, असं ते होतं. त्यातली एक गोळी परदेशातली एक मोठी औषध कंपनी फुकट देत असे. डब्यावर इंग्रजीत तसं लिहिलेलं असायचं, की ह्या गोळ्या दान आहेत, विकायच्या नाहीत. रिकामा डबा आशाताई अक्काला देऊन जायची. अक्का त्यात हुक आणि बटणं ठेवायची.

मी सुट्टीला गेले की डबा माझ्यापुढं करायची. "वाच की गं, कुण्या देशाची हाय?"

मी वाचून सांगायची.

"त्यास्नी काय पडलंय आपलं?" ती म्हणायची. हे ती कुरकुरीनं म्हणायची नाही. तिला खरंच नवल वाटायचं.

गावात मात्र त्याच गोष्टीचा संशय होता. फुकट कोण देतं? गोळी आधी आपल्यावर तपासायलेत, आपल्या लोकांना पोरं होऊ नयेत म्हणून देतायत, असं काहीबाही लोक बोलायचे. आशाताई आमच्याच वस्तीतली सून. ती दारात उभी राहिली की बाया गोळ्या हातात घ्यायच्या, जेवल्यावर खातो म्हणायच्या आणि ती पुढच्या घरी गेली की उकिरड्यावर टाकायच्या. तिला वरून बोलणी बसायची.

एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर आशाताईनं विहारात सगळ्यांना थांबवून घेतलं. गोळ्यांबद्दलचा सरकारी कागद कन्नडमध्ये होता, तो तिनं मराठीत सांगितला. माणसं चुळबुळ करायला लागली. कुणी तरी मागून म्हणालं, "मागल्या साली गोळी खाल्ली आन् आमच्या पोराला चक्कर आली. हिची गॅरंटी कोण घेतंय?"

अक्का त्या दिवशी कधी नव्हे ते विहारात आली होती, दाराजवळ बसली होती. ती उठली. मी समोरच होते, म्हणून मला सगळं आठवतं. तिनं भिंतीला हात लावला, साडी गुडघ्यापर्यंत उचलली आणि पाय पुढं केला. आम्ही घरातल्यांनीसुद्धा तो पाय असा उजेडात कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. कातडी जाड, काळपट झाली होती, बोटांमध्ये भेगा होत्या.

"बगा," ती म्हणाली. "हे गोळीनं न्हाई झालं. माझ्या टायमाला गोळी न्हवती म्हणून झालं. आता आली हाय तर गिळा."

आशाताईच्या हातून गोळ्या घेऊन तिनं सगळ्यांसमोर तोंडात टाकल्या, वर पाणी प्यायली आणि खाली बसली. मग एक म्हातारी उठली. तिच्यामागं तिच्या सुना.

घरी आल्यावर आई तिच्यावर चिडली. "चार माणसांत पाय उघडा करतीस? लाज न्हाई?"

"हाय की," अक्का म्हणाली. "कुटं ठिवू ती लाज? घरात जागा न्हाई आता."

त्यानंतर दर साली आशाताई तिला बरोबर न्यायची. अक्का सावकाश चालायची, पण चालायची.

पुढं एका वर्षी कंपनीची माणसं स्वतः गावात आली. गोळ्यांनी रोग थांबतो, पण ज्यांचे पाय आधीच सुजलेत त्यांचं काय, म्हणून कंपनीनं एक नवीन काम काढलं होतं. शाळेच्या मैदानावर पांढरा मंडप पडला, प्लास्टिकचे टब, बादल्या, टॉवेलांचे गठ्ठे आले. शहरातली पोरं-पोरी, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे शर्ट. आजूबाजूच्या गावांतून पाय सुजलेली माणसं आणली होती. आम्हाला वाटायचं अक्का एकटीच. त्या दिवशी कळलं, किती घरांत माणसं असे पाय झाकून बसली होती.

कंपनीतल्या एक वरच्या बाई होत्या, कलकत्त्याकडच्या. केस पिकलेले, बोलणं हिंदी. त्यांनी अक्कासमोर पाट घेतला, खाली बसल्या आणि तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. अक्कानं झटक्यात मागं घेतला.

"नको मॅडम. घाण हाय."

"घाण असेल तर धुऊ," बाई म्हणाल्या.

त्यांनी तो पाय कोमट पाण्यात धुतला. साबण हातावर घेऊन, फेस करून, एकेक बोट सुटं करून. मग टॉवेलनं नुसतं टिपून घेतलं, घासलं नाही. बोटांच्या मधे फडक्याची वात करून ओल काढली. भेगेत मलम भरलं. हे सगळं करताना त्या सांगत होत्या, रोज असंच करायचं, ओल राहिली की तिथून जंतू आत जातात, ताप येतो तो त्याच्यानंच. मी मराठीत सांगत होते. एक पोरगा फोटो काढायला आला, तर बाईंनी त्याला हातानंच लांब केलं.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. भाकरी झाल्या, आम्ही जेवलो. मग अक्का म्हणाली, "बारके, ती बाई काय इचारली ठाव हाय? दुखतंय का म्हणली."

"मग?"

"मग काय. सगळे इचारतेत, कसं झालं. दुखतंय का म्हणून कुणी न्हाई इचारलं बग." थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "मला पटकन सांगता बी न्हाई आलं, दुखतंय का न्हाई ते."

आई तिथंच बसली होती. तिनं ताटं गोळा केली.

कंपनीनं प्रत्येकाला टब, मग, टॉवेल, साबण, मलम दिलं. पायाखाली कागद धरून, पेन्सिल फिरवून चपलांची मापं नेली. चपला आल्या तेव्हा मी तिथं नव्हते. अक्कानं फोन केला आणि काही बोलायच्या आधी म्हणाली, "ऐक," आणि फोन खाली धरून अंगणातून चालली. फटक फटक आवाज आला. दोन्ही पायांत चपला घालून ती कितीतरी वर्षांनी चालत होती. पुढच्या बाजारी ती एकटी औरादला जाऊन आली. काही आणायचं नव्हतं. शेंगा घेतल्या आणि आली.

मग कंपनीनं तिलाच कामाला घेतलं. गावोगाव जाऊन पाय कसा धुवायचा ते शिकवायचं. थोडं मानधन मिळायचं. जीप यायची. कलबुर्गीच्या पलीकडं आळंदच्या बाजूची गावं, पार अफजलपूरपर्यंत ती गेली. अफजलपूरला पहिल्यांदा तिनं भीमा पाहिली. आल्यावर तेच सांगत बसली. "आपली मांजरा काईच न्हाई गं. येवढं पाणी. आन् दोन्ही अंगाला उसच ऊस. मी म्हटलं डायवरअण्णा, जरा थांबव. थांबला बिचारा." आई ऐकत होती, तिनं विचारलं, "उतरून पाण्याला हात लावलीस का?" "लावले की." आई हसली. आईला असं हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

तिच्या कामात सगळ्यात अवघड घर निघालं ते आमच्याच गावचं. पलीकडच्या धनगर आळीत एक म्हातारबा होते. तरुणपणी मेंढरं घेऊन लांब लांब फिरलेले. आता दोन्ही पाय खांबासारखे, जागेवर बसून. आशाताई अक्काला घेऊन गेली, तर म्हातारबांच्या मुलानं दारातच अडवलं. आमची वस्ती कुठली, आम्ही कोण, हे सगळ्या गावाला माहीत. तो तोंडानं तसं काही बोलला नाही. "आमी करतो की घरचे घरी, तुमी नुस्तं सांगा," एवढंच म्हणाला. अक्कानं अंगणातूनच सांगितलं आणि ती आली. दुसऱ्या खेपेला पुन्हा अंगणातूनच. तिसऱ्या खेपेला आतून म्हातारबांचा आवाज आला, "कोण हाय ती? तिला म्हणावं आत ये. हे लोक पाय घासायलेत, आग व्हायलीय माझी."

अक्का आत गेली. पाय धुतले. म्हातारबा डोळे मिटून पडले होते. झाल्यावर म्हणाले, "पोरी, तुझा हात हलका हाय." त्यांच्या बायकोनं चहा आणला तो प्लास्टिकच्या पेल्यात, घरातले कप फळीवर होते. अक्का प्यायली. पुढं ती आठवड्याला जात राहिली. एक दिवस म्हातारीनं फळीवरचा कप काढला आणि त्यात चहा दिला. अक्कानं मला ते सांगितलं नाही. आईला सांगितलं, आईनं मला सांगितलं.

ती चार-पाच वर्षं अक्काची चांगली गेली. ताप क्वचित यायचा, पायाची कातडी मऊ झाली होती. तिनं दोन नव्या साड्या घेतल्या.

मग एकदा शाळांमध्ये तपासणी झाली. माझ्या शाळेतही झाली. लहान मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून पट्टीवर टाकायचे. माझ्या वर्गातली पोरं रडली, हसली, एकमेकांना बोटं दाखवत फिरली. एकाच्याही पट्टीवर रोगाची रेघ उमटली नाही. आमच्या भागातल्या इतर शाळांतही तसंच. साहेब लोक खूश झाले. गोळ्या आता बंद करता येतील, रोग संपला, असं जाहीर झालं.

त्याचा तालुक्याच्या गावी कार्यक्रम झाला. मोठा मंडप, मागं मोठा फलक, त्यावर हसणाऱ्या लहान मुलांची चित्रं. कंपनीचे परदेशातले एक पाहुणे आले होते, त्यांना फेटा बांधला होता. भाषणं कन्नडमध्ये आणि इंग्रजीत झाली. अक्काला स्टेजवर बोलावून शाल घातली. दोन शब्द बोला म्हणाले. ती माईकसमोर उभी राहिली, म्हणाली, "लेकरांस्नी आता हे होणार न्हाई म्हणायलेत. लई बरं झालं." एवढंच बोलून खाली आली. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या वेळी कलकत्त्याच्या बाई आमच्याजवळ येऊन बसल्या. त्यांच्या ताटात काही नव्हतं. त्यांनी सांगितलं, की इथलं काम आता संपलं. कंपनी दुसऱ्या राज्यात जातेय, तिथं अजून रोग फार आहे. ह्या महिन्यानंतर जीप नाही, मानधन नाही.

अक्कानं विचारलं, "आन् मलम? चपला?"

"सरकारी दवाखान्यात मिळेल. आम्ही लिहून दिलंय," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी बोलले होते वरती. पाय सुजलेली माणसं अजून आहेत म्हटलं. ते म्हणाले, रोग थांबवणं हे काम होतं, ते झालं."

"खरं हाय त्यांचं," अक्का म्हणाली.

मला राग आला होता. मी म्हणाले, मॅडम, मग ह्या लोकांनी काय करायचं? अक्कानं माझा हात दाबला. "जाऊ दे. त्यांच्या हातात हाय का ते?" मग तिनं जाऊन बाईंसाठी ताट वाढून आणलं आणि त्यांना जेवायला लावलं.

सुरुवातीला बाईंचा फोन यायचा. पुढं त्यांची बदली झाली, नंबर बदलला. आमच्या दवाखान्यात मलम कधी यायचं, बहुतेक वेळा नसायचं. तिथल्या सिस्टरबाई चांगल्या होत्या. त्या म्हणायच्या, मागणी टाकलीय, पण ह्या रोगाचं आता नावच यादीत राहिलं नाही. अक्का साध्या साबणानं पाय धुवायची. टब फुटला तर पत्र्याचं घमेलं घेतलं. मी भालकीहून मलम न्यायची. चपलांचं मात्र काही जमेना. अंगठे तुटले, तळ झिजला. औरादच्या चप्पलवाल्यानं टायरचा तळ मारून दिला, तो जड झाला. नवीन जोड करायला त्याच्याकडं तेवढा साचा नव्हता. मी हैदराबादला चौकशी केली, तिथले म्हणाले माणूस घेऊन या. अक्का म्हणाली, येवढ्या लांब कोण जातंय, बघू की.

पण तिनं जाणं बंद केलं नाही. जीप नसली तरी ती गावातल्या आणि शेजारच्या वाडीतल्या लोकांकडं जात राहिली, बहुतेक अनवाणी, पायाला फडकं गुंडाळून. आई म्हणायची, "आता पगार न्हाई, गाडी न्हाई, कामून फिरायलीस?" ती म्हणायची, "मी न्हाई गेले तर त्यांच्याकडं कोण जायलंय?"

म्हातारबा त्या हिवाळ्यात गेले. वयानंच गेले म्हणायचं. त्यांचा मुलगा आमच्या वस्तीत सांगायला आला, आमच्या ओसरीवर टेकला आणि रडला.

तुरीची रास झाल्यावरचे दिवस होते. शेजारच्या वाडीला जायची पाऊलवाट एका शेतातून होती. तूर कापल्यावर जमिनीत धसकटं राहतात, तिरपी कापलेली, खिळ्यासारखी. अक्काच्या डाव्या तळव्यात धसकट घुसलं. तिनं ते उपसून काढलं, पुढं गेली, त्या घरचं काम करून परत आली. घरी येऊन पाय धुतला, पट्टी बांधली. आईला म्हणाली, थोडं लागलंय.

ताप चढला तो उतरला नाही. मला आईचा फोन आला, मी आणि माझे मालक गाडी घेऊन गेलो. अक्का शुद्धीत होती, पण डोळे वेगळेच दिसत होते. पाय मांडीपर्यंत लाल, तापलेल्या तव्यासारखा. आधी बीदरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं, इंजेक्शनं सुरू केली. जंतू रक्तात पसरलेत म्हणाले. त्यांनी त्यांच्याकडून काही कमी केलं नाही. एक तरुण डॉक्टर पोरगी पाय बघून थबकली. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, "हा पाय असा कशानं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मी पुस्तकातच पाहिलं होतं." तिचं खोटं नव्हतं. तिच्या वयाच्या कुणी आता हे पाहायचं कारण नव्हतं.

तिथून कलबुर्गीला हलवायचं ठरलं. अँब्युलन्समध्ये मी तिच्या उशाशी बसले होते, आई पायाशी. हुमनाबाद मागं पडल्यावर अक्कानं डोळे उघडले.

"बारके, कुटं आलाव?"

"जवळ आलो अक्का. कलबुर्गी."

"मंजी आळंदच्या वाटंला."

"व्हय."

"आळंदला एक पोरगी हाय," ती म्हणाली. "नवीनच लगीन झालेली. तिचा पाय आता कुटं सुजायलाय. तिला सांगितलं हाय मी समदं, पर तिची सासू करू देत न्हाई." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, "तिच्याकडं जायचं राहिलं."

कलबुर्गीला दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

गावी आणली तेव्हा वस्तीत माणसं मावत नव्हती. आम्ही ओळखत नव्हतो असे लोक आले होते, लंगडत, काठी टेकत, कुणी मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसून. धनगर आळीतली म्हातारी आली आणि आईला धरून बसली. त्रिशरण-पंचशील झालं, बोलणारे दोन शब्द बोलले. एक तरुण पोरगा, वस्तीतलाच, रागानं म्हणाला, कंपनीनं फोटोपुरतं वापरलं आणि सोडून दिलं. बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मलाही ते पटत होतं. आई खाली बसली होती, ती तिथूनच म्हणाली, "सोडलं ते खरं. पर आधी धरलं बी त्यांनीच होतं, बाबा. त्याच्या आधी तर कुणीच धरलं न्हवतं." त्या पोराचंही चुकलं नव्हतं, आईचंही नाही. मी अजून ह्या दोन्हींच्या मधेच आहे.

आशाताईकडून मी आळंदच्या त्या मुलीचा पत्ता काढला आणि जाऊन आले. तिचा पाय अजून फारसा वाढलेला नव्हता. सासूनं मला आत घेतलं. मी जे अक्काचं बघून शिकले होते ते करून दाखवलं. माझा हात काही तितका हलका नाही. मुलगी म्हणाली, "त्या अक्का कवा येतेत?" मी सांगितलं. ती टॉवेल हातात घेऊन तशीच बसली.

आई आता भालकीला माझ्याकडं असते. अक्काला जाऊन वर्ष होऊन गेल्यावर एका दुपारी माझ्या फोनवर अनोळखी नंबर आला. कलकत्त्याच्या बाई. त्यांनी ती नोकरी सोडली होती. कुणाकडून तरी त्यांना उशिरा कळलं होतं. आईनं विचारलं, कोण हाय? मी सांगितलं. तिनं हात पुढं केला, मी फोन तिला दिला.

आईचं हिंदी म्हणजे बाजारातलं, मुसलमान शेजारणींशी बोलून आलेलं, कुठल्याही बाईला 'मां' म्हणणारं. ती म्हणाली, "बच्ची गयी ना मां." मग बाई बोलत राहिल्या. आई नुसती हां हां करत होती. शेवटी आई म्हणाली, "रो नको मां. तुम खाना खाये क्या?"

फोन ठेवून ती माझ्याकडं वळली. "यीन म्हणायली ती. कवा तरी यीन म्हणली."

बाई अजून आलेल्या नाहीत. आई अधूनमधून विचारते, तिच्या गावाहून इकडं थेट गाडी हाय का? मी सांगते, नाही, हैदराबादला उतरून बदलावी लागते.

"मग येळ लागंल की," आई म्हणते, आणि तांदूळ निवडायला घेते.